पौलाच्या वाटेवर निघण्यापूर्वी



२८ जून २००८ ते २९ जून २००९ हे वर्ष पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संत पौलाचे वर्ष म्हणून पाळावयास सांगितले होते. रोम आणि पवित्र भूमी यांच्या जोडीला ग्रीसची यात्रा करावी, पौल जिथे जिथे गेला ती फिलिप्पै, थेस्सलनीका, अथेन्स, करिंथ ही शहरे पाहावीत, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. खर्च माणशी लाखाच्या पुढे जातो. मग मिस्सानंतर चर्चच्या आवारात वाद होतो. कोणी म्हणतो, एवढ्या पैशात एखाद्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण होईल. कोणी म्हणतो, आयुष्यात एकदा तरी त्या भूमीवर पाय टेकवावा.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने उपासनेला या डोंगराची किंवा त्या नगराची अट घातली नाही. तेव्हा अथेन्सला गेल्याने घोडनदीच्या काठी मिळते त्याहून अधिक कृपा मिळेल असे मानणे बरोबर नाही. तरीही आपली श्रद्धा ही 'आटपाट नगर होते' अशी गोष्ट नाही. करिंथमध्ये पौलाला गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे उभे केले, असे प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. त्याच गल्लियोचे नाव असलेला सम्राट क्लॉडियसचा शिलालेख ग्रीसमधल्या डेल्फी येथे सापडला, आणि त्यावरून पौल इ. स. ५० ते ५२ च्या सुमारास करिंथमध्ये होता हे ठरवता आले. असा दगड डोळ्यांनी पाहिला म्हणून ज्याचा विश्वास बळकट होतो, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. कर्ज काढून मात्र कोणी जाऊ नये, हे स्पष्टच सांगतो.

आम्हाला अवघड वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. तिथे जाऊन पाहायचे काय? अथेन्समध्ये पौलाच्या काळचे एकही चर्च नाही, कारण तेव्हा चर्च बांधलेच जात नव्हते. दिसतात ती ग्रीकांच्या देवदेवतांची मंदिरे. अरीयपगाचा उघडा खडक आहे, आणि वर पार्थेनॉन. आपल्यातले काही जण अशा ठिकाणी 'मूर्तिपूजकांचे आहे' म्हणून पाठ फिरवतात. बाकीचे फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन बसतात.

पौलाने काय केले? शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा जीव तळमळला, हे खरे. पण तो पाठ फिरवून गेला नाही. लोक कशाची पूजा करतात हे त्याने फिरून नीट पाहिले, एका वेदीवर 'अज्ञात देवासाठी' असे कोरलेले होते तेही वाचले, आणि बोलायला उभा राहिला तेव्हा सुरुवात तिथूनच केली. दुसऱ्याच्या पवित्र ठिकाणी ख्रिस्ती माणसाने कसे उभे राहावे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. ते शिकायला विमानाचे तिकीट लागत नाही.

कुकडी नदी नाणेघाटाच्या बाजूने जुन्नरवरून खाली येते व घोडनदीला मिळते, आणि घोडनदी भीमेला. म्हणजे जुन्नरचेच पाणी शिरूर आणि दौंडकडे येते. जुन्नरला आपण जातो ते शिवनेरी पाहायला. लेण्याद्रीला अष्टविनायकाच्या गाड्यांची गर्दी असते, पण गणपतीचे देऊळ ज्या डोंगरात आहे त्यातली बाकीची बौद्ध लेणी फारसे कोणी बघत नाही. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले तीन लेख 'यवनां'चे आहेत. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा, ग्रीक. इरिल नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. तिसऱ्या, चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च केला. कार्ल्याच्या चैत्यातही यवनांनी दिलेले खांब आहेत. हे लेख साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. ज्या ग्रीक भाषेत पौलाने पत्रे लिहिली, त्याच भाषेत त्याच शतकात एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने कल्याण, सोपारा आणि पैठण यांची नावे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहेत. ग्रीस आपल्याला वाटते तितका लांब कधीच नव्हता.

परदेशातून आलेल्या, वेगळ्या नावाच्या माणसाने इथल्या भिक्षूंसाठी पाणी साठवायची सोय केली, तर आपण त्याला काय म्हणावे? तहानलेल्याला पेलाभर पाणी देण्याबद्दल प्रभूचे शब्द आपल्याला आठवतात. पण इथे जपून बोलले पाहिजे. इरिल हा नकळत ख्रिस्ती होता असे म्हणणे आम्हाला पटत नाही. त्याने दान दिले ते बुद्धाच्या संघाला, स्वतःच्या श्रद्धेने. ते आपल्या खात्यावर ओढून घेणे म्हणजे त्याचा मान राखणे नव्हे. ते क्षुल्लक मानून पुढे जाणे तर त्याहून वाईट.

आता उलटे उदाहरण घ्या, आणि ते शिरूरचेच आहे. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचे थडगे इथे आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे हिंदू लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून भजत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य थडग्यावर आणत. आपले लोक हे ऐकून हसतात, किंवा 'बघा, आमच्या माणसाला मानतात' म्हणून छाती फुगवतात. लुस्त्र येथे लोक बैल घेऊन पौल आणि बर्णबाची पूजा करायला आले, तेव्हा पौलाने कपडे फाडून त्यांना थांबवले होते. शिरूरला असता तर त्याने तेच केले असते, यात आम्हाला शंका नाही. पण थांबवल्यावर तो त्या शेतकऱ्यांजवळ बसला असता, पाऊस आणि पिके देणाऱ्या देवाविषयी बोलला असता. लुस्त्रातही तो त्याच विषयावर बोलला. परक्या फौजेतल्या माणसात या लोकांना चांगले काय दिसले, हे विचारल्याशिवाय तो उठला नसता असे आम्हाला वाटते.

ज्यांना ग्रीसला जायचे आहे त्यांनी जरूर जावे. जाण्यापूर्वी एका रविवारी मिस्सानंतर जुन्नरला जाऊन यावे, मुलांना बरोबर न्यावे, कुठल्याही लेण्यात चपला घालून शिरू नये. आणि प्रेषितांच्या कृत्यांचे १६ ते १८ हे अध्याय एका बैठकीत वाचावेत. अरीयपगावरच्या भाषणापाशीच पुस्तक मिटवू नये. ते भाषण ऐकून काही लोक हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यांत दिओनुस्य आणि दामारी नावाची एक स्त्री होती. मग पौल करिंथला गेला, अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी उतरला आणि त्यांच्याबरोबर तंबू शिवायला बसला.