'मोने' म्हणजे राहण्याची जागा



मयताच्या मिस्सात योहानकृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आम्ही पुष्कळदा वाचतो. पित्याच्या घरी राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, असे प्रभू येशू तेथे शिष्यांना सांगतो. मागे एकदा दफनविधीनंतर एका भगिनीने आम्हाला विचारले, "फादर, तिथली खोली तरी कायमची असते ना?" पतीबरोबरचा त्यांचा सारा संसार अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर झाला होता. आम्ही घाईत 'हो' म्हटले आणि पुढे गेलो. त्यांचा प्रश्न किती नेमका होता हे घरी येऊन पुस्तक उघडल्यावर कळले.

मूळ ग्रीक शब्द आहे 'मोने'. राहणे, टिकणे, सोडून न जाणे या अर्थाच्या 'मेनो' या क्रियापदापासून तो आला. लॅटिनमध्ये त्याचे 'मान्सिओ' झाले. रोमन रस्त्यावरच्या मुक्कामाच्या ठिकाणालाही हाच शब्द होता. पुढे इंग्रजीत 'मॅन्शन' आले आणि आपल्या डोळ्यांपुढे स्वर्गातले बंगले उभे राहिले! आम्हाला वाटते, योहानाच्या मनात बंगला नाही आणि मुसाफिरखानाही नाही. आठव्या अध्यायात (८:३५) येशू म्हणतो की दास घरात कायम राहत नाही, पुत्र राहतो. तेथे क्रियापद हेच, 'मेनो', आणि घरासाठीचा शब्दही चौदाव्या अध्यायातलाच. म्हणजे प्रश्न खोलीच्या आकाराचा नाही. त्या घरात आपण कोण म्हणून राहणार, हा आहे. पुत्राला कोणी जागा खाली करायला सांगत नाही.

संपूर्ण नव्या करारात 'मोने' दोनदाच येतो, तोही याच अध्यायात. दुसऱ्या वेळी (१४:२३) दिशाच उलटते. यहूदा, म्हणजे इस्कार्योत नव्हे तो दुसरा, येशूला विचारतो की तू जगाला प्रकट न होता आम्हालाच का होणार? येशू उत्तर देतो की जो माझ्यावर प्रीती करून माझे वचन पाळतो, त्याच्याकडे पिता आणि मी येऊ आणि त्याच्यापाशी 'मोने' करू. मरणानंतरची वाट पाहणे येथे नाही. घरधनी स्वतःच भाडेकरूकडे राहायला येतो, तोही या आयुष्यात.

हे सांगायला आम्ही त्या भगिनीकडे गेलो, तेव्हा त्यांनी पुन्हा जागा बदलली होती. आशीर्वादासाठी क्रूस काढून ठेवला होता, पण मालकाची भिंतीत खिळा ठोकायला मनाई होती. तो टेबलावर उभा करून आम्ही प्रार्थना केली.