पदकर्त्याचे यश

अलीकडे पुष्कळ तरुण मंडळी अभंग, गवळणी, भारुडे रचून आम्हांला दाखवावयास आणतात. रचना बऱ्या असतात. पण बहुतेकांच्या तोंडी प्रश्न एकच, ‘महाराज, हे चालेल का?’ कोणाला आपले पद नामवंत गायकाने गावे असे वाटते, कोणाला मोबाईलवर किती जणांनी ऐकले त्याचा आकडा हवा असतो. यात लाजण्यासारखे काही नाही. पण पद रचणाऱ्याने आपले यश कशात मानावे याचा विचार आधी झालेला बरा. नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या मापाने आपले धान्य मोजत बसावे लागते.

पाठशाळेत आम्ही काव्यप्रकाश शिकलो. मम्मटाचार्यांनी काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत कीर्ती पहिली, द्रव्य दुसरे. मग व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रियेने समजवावा तसा गोड उपदेश. म्हणजे शास्त्राने कीर्तीला वाईट म्हटलेले नाही. आता हे माप संतांना लावून पाहू.

कोणी म्हणेल, संतांनाही नाव हवेच होते, नाहीतर अभंगाच्या शेवटी नाममुद्रा कशाला घातली? शंका रास्त आहे. पण मुद्रा म्हणजे कागदावरची सही समजा. ‘हे मी म्हणतो, याला मी जबाबदार,’ एवढाच तिचा अर्थ. जनाबाई तर नामदेवांची दासी म्हणूनच सही करतात. तेथे मिरवणे कुठले? आणखी एक गोष्ट पाहा. नामदेवांच्या नावावर चालणाऱ्या अभंगांत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. इतर गाथांतही मागाहून कोणाकोणाचे अभंग शिरले. त्यांचे कर्ते कोण, कोणी सांगू शकत नाही. मग ती माणसे काय फुकट गेली? वारीच्या वाटेवर एखादी म्हातारी त्यातलाच एखादा अभंग म्हणत असेल आणि तेवढ्याने तिचे पाऊल पुढे पडत असेल. नाव गेले, काम चालू आहे.

बरे, कीर्ती मिळाली तरी ती कर्त्याच्या हाती पडतेच असे नाही. नामदेवराय १३५० साली समाधिस्थ झाले. १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला. त्या ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत व ती आजही श्रद्धेने गाइली जातात. अडीचशे वर्षांनी आलेले हे यश नामदेवांनी कोणत्या वहीत जमा धरावे?

चोखोबांचे उदाहरण मात्र गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांना बोचणारे आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांत गाइले गेले, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. पण त्यांच्या जातीच्या माणसाला पंढरीच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा ते उघडले. मध्ये सहाशे वर्षे गेली! अभंग फसला होता काय? नाही. अभंगाने आपले काम केले होते, काम राहिले होते ते ऐकणाऱ्यांकडे. म्हणून माना डोलल्या याने पदकर्त्याचे यश ठरत नाही, आणि न डोलल्याने अपयशही ठरत नाही.

मग त्याच्या हाती उरते काय? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, शब्द दुसऱ्याच्या तोंडात बसेल असा घडविणे. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार ही अक्षरे उगाच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळले की अक्षरओळख नसलेल्यालाही पुढचा शब्द आपसूक आठवतो. चालता चालता, श्वास लागलेला असताना म्हणता येईल असे लिहिणे याला मेहनत लागते. दुसरी गोष्ट, जे लिहिले ते स्वतःचे असणे. आम्ही एकेका अभंगावर दोन-दोन तास उभे राहतो. उसना शब्द घटकाभरात उघडा पडतो. भोगलेला शब्द जितका उकलावा तितका पुरतो.

तेव्हा पद रचणाऱ्याने एवढे करावे. घरात दुखणे असेल, शेत बुडाले असेल, अशा दिवशी टाळ-मृदंगावाचून, एकट्याने आपले पद म्हणून पाहावे. त्या वेळी ते आपल्या उपयोगी पडले, तर त्याला यश आले असे खुशाल समजावे. कोणी ‘मला उतरून द्या’ म्हणाला, तर प्रसाद म्हणून तोही घ्यावा आणि अक्षर नीट काढून उतरून द्यावे. पुढे ते किती जणांच्या तोंडी जाते, नावानिशी जाते की नावावाचून, हा हिशेब पांडुरंगाकडे आहे.

रामकृष्णहरि.