त्याग कोणाचा?

मोटरसायकलीवरील जे जे अनावश्यक, ते ते उतरवून तिला सडसडीत व वेगवान करण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात फोफावला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली निघालेले ‘एस कॅफे’ हे मुळात लॉरीवाल्यांचे उपाहारगृह. पुढे तेच या तरुणांचा अड्डा झाले आणि त्यांच्या गाड्यांस ‘कॅफे रेसर’ हे नाव पडले. हँडल खाली आणावे, पाय ठेवण्याच्या दांड्या मागे सरकवाव्या, बैठक एकट्यापुरती ठेवावी आणि ताशी १०० मैलांचा वेग गाठावा, ही त्यांची आकांक्षा. ते उपाहारगृह १९६९ साली बंद पडले. २००१ साली पुन्हा उघडले. आपल्याकडेही रॉयल एनफील्डने ‘कॉन्टिनेंटल जीटी’ हे १९६५ मधील नाव २०१३ साली पुनरुज्जीवित केले.

भिवंडीस ही विद्या परकी वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग येथे पुन्हा चालते झाले. मोडीत निघालेल्या यंत्रात प्राण ओतणे हा या गावाचा स्वभावच होय. तेव्हा येथील एखाद्या तरुणाने जुन्या येझदीवर असेच संस्कार केले, तर त्यास केवळ उनाड म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

परंतु ‘यंत्र माझे, श्रमही माझे, मग इतरांस काय?’ हा त्याचा युक्तिवाद टिकेल काय? निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठरविले. कायदा काय वर्ज्य ते सांगतो. का वर्ज्य, याचा विचार ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

आमच्या मते कसोटी सोपी आहे. मऊ बैठक काढली, तर स्वतःचीच पाठ दुखते. तो त्याग खरा. सायलेन्सर काढला, तर रात्रपाळी करून दिवसा डोळा लागलेल्या विणकराची झोप जाते. आरसा काढला, तर मागून येणाऱ्या सायकलस्वाराचा जीव धोक्यात येतो. येथे सोडले आपण, आणि भोगले दुसऱ्याने! मागांच्या खडखडाटात आणखी एका आवाजाने काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. पण ज्याच्या वाट्यास आधीच विश्रांती थोडी, त्याची ती थोडी विश्रांती हिरावणे हा अधिकच मोठा अपराध नव्हे काय?

साधेपणा हा गुण खरा. मात्र त्याची किंमत ज्याची त्याने भरली पाहिजे.