ओगराळे

मुलांना हक्क शिकवावेत कसे? राज्यघटनेतील कलमे पाठ करून घेतली तर ती परीक्षेपुरतीच राहतात. म्हणून शिरड शहापूरच्या माझ्या वर्गात मी एकदा एक खेळ मांडला. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. मुलांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. ज्याला लाल चिठ्ठी येईल त्याने तासभर माठाला हात लावायचा नाही, एवढाच नियम.

पहिली पाच मिनिटे हसण्यात गेली. मग कुरकुर सुरू झाली, "आम्ही काय केलं, गुरुजी?" हा प्रश्न मला हवाच होता. तेवढ्यात काही पोरांना दया आली. ती ओगराळ्याने वरून पाणी ओतू लागली आणि लाल चिठ्ठीवाले ओंजळी धरून पिऊ लागले. तंटा मिटला. पोरे किती भली, असे वाटून मीही सुखावलो. एक मुलगी मात्र तशीच बसून होती. मैत्रिणीने फारच आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, "मला पाजू नको. ओगराळं माझ्या हातात दे."

मी चपापलो. वरून पाणी ओतण्याची ती रीत किती जुनी! पोरांनी ती आपण होऊन शोधून काढली, आणि मी तिला भलेपणा समजलो. मी उठून ओगराळे त्या मुलीच्या हाती दिले. खेळ तिथेच संपला.

आमच्या जवळच औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. ती देवाची कृपा. हक्काची गोष्ट निराळी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली केला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि आपल्या हाताने पाणी घेऊन प्याले. ते पाणी कुणी पाजलेले नव्हते. आज घटनेच्या १५ व्या कलमात विहिरींचा आणि तळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

दया वाईट, असे मी म्हणत नाही. परंतु दया करणाऱ्याचा हात वर असतो, आणि तो केव्हा आखडेल याचा नेम नसतो. हक्क मागणाऱ्याला कुणाच्या हाताकडे पाहावे लागत नाही.

वाचकहो, या दिवाळीत कामाला येणाऱ्या बाईंना आपण फराळ भरभरून देऊ, चहाही देऊ. मात्र त्यांचा कप घरात कुठे वेगळा ठेवलेला आहे काय, तेवढे एकदा पाहावे.