वीस रुपयांचा मासा

गप्पीच्या पोटाखाली, विष्ठेच्या जागेतून लालसर दोऱ्याची टोकं डोकावताना दिसली, तर तो बहुधा कॅमॅलॅनस. आतड्याला घट्ट चिकटून रक्त पिणारा जंत. यावर सल्ला ठरलेला असतो: औषधापेक्षा मासा स्वस्त, टाका आणि नवीन आणा.

हिशेब चुकत नाही. पण नवा गप्पी वीस रुपयांना मिळतो, म्हणून जुन्याच्या हालांची किंमतही वीसच रुपये?

नदीत या जंताची अळी आधी पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवात शिरते. तो जीव माशाने खाल्ला, तर माशात. टाकीत हा मधला टप्पा नसला तरी जंत एकातून दुसऱ्यात पसरू शकतो. गर्दी आपण केलेली, नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा न ठेवता थेट सोडणारेही आपणच. माशाला पळायला जागा नाही. म्हणून उपचार मला दया वाटत नाही, देणं वाटतं.

औषध लेव्हामिसोल, शेळ्या-कोंबड्यांच्या जंतांवर देतात तेच. जंत लुळा पडतो, पकड सुटते, मासा त्याला बाहेर टाकतो. मग तळ नळीने ओढून साफ करायचा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस. (प्रमाण पशुवैद्याला विचारून, अंदाजपंचे नको.)

जंतही जीवच की, असं कुणी म्हणेल. खरंय. नदीत त्या दोघांच्या मध्ये पडायचा मला काही अधिकार नाही. टाकीत मात्र काच आपली आहे. आणि तिथले सगळे मासे मेले, तर जंतही उरत नाहीत.