देणगी की देणे?

आपल्या धर्मग्रामांत अलीकडे एक स्वागतार्ह प्रथा रुजू लागली आहे. पन्नाशी, साठी वा पंचाहत्तरी गाठलेली मंडळी कृतज्ञतेच्या मिस्सानंतर एखाद्या अनाथालयात वा वृद्धाश्रमात भोजन देतात. काही जण आहेर नाकारून निमंत्रणपत्रिकेवर एखाद्या सेवाभावी संस्थेचे नाव छापतात. केवळ मंडप, बँड आणि केक यांवर पैसा उधळण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. तरीही एक प्रश्न सुजाण वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. या दिवशी आपण जे देतो ती देणगी असते की देणे?

आपल्या भाषेने हे दोन शब्द एकाच धातूपासून घडविले. परंतु त्यांच्यातले अंतर मोठे आहे. देणगी दिली तर कौतुक होते, न दिली तर कोणी जाब विचारीत नाही. देणे मात्र फेडायचे असते, आणि ते फेडणाऱ्याच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही.

पवित्र शास्त्रात वाढदिवसांचे उल्लेख अगदी मोजके, आणि तेही सत्ताधीशांचे. उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायात फारो आपल्या जन्मदिनी मेजवानी देतो, बंदीत पडलेल्या एका सेवकाला पूर्वपदावर बसवितो आणि दुसऱ्याला फासावर चढवितो. मार्कच्या शुभवर्तमानातील हेरोद तर त्या दिवशी दातृत्वाचा कळस गाठतो. नाचणाऱ्या मुलीला अर्धे राज्यही देण्याची तो शपथ वाहतो. तिने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागितले तेव्हा त्याला वाईट वाटले, असे शास्त्रच सांगते. पण शब्द मागे घेणे त्याला जमले नाही, कारण पंगतीला बसलेले पाहुणे ऐकत होते. येथे थोडे थांबावे. हेरोद कंजूष नव्हता. त्याचे देणे त्या मुलीकडे पाहून नव्हते, पाहुण्यांकडे पाहून होते. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन यांनी तर स्वतःचा जन्मदिन साजरा करणारे शास्त्रात केवळ पापीच आढळतात, असे निरीक्षण नोंदविले आहे. (एवढे कठोर होण्याचे धाडस आम्हांला, केकचा एखादा तुकडा न नाकारणाऱ्यांना, होत नाही.)

अनाथालयातील चाळीस मुले अनोळखी गृहस्थासाठी रांगेत उभी राहून टाळ्या वाजवितात, जेवणापूर्वी गाणे म्हणतात, छायाचित्र निघते. त्या मुलांपैकी कित्येकांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसते. रविवारी दोन-दोन पंगती आणि जूनमध्ये वह्यांसाठी धावपळ, असे चित्र आम्ही पाहिले आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 17 डिसेंबर 2016 रोजी वयाची 80 वर्षे पूर्ण केली. त्या सकाळी आठ बेघर व्यक्ती त्यांच्या निवासस्थानी आल्या आणि त्यांनी पोपमहोदयांसोबत एकाच मेजावर न्याहारी केली. येताना त्यांनी सूर्यफुले आणली होती. छायाचित्रे तेथेही निघाली, हे खरे. पण ज्यांच्याजवळ घर नाही त्यांच्या हातून पोपमहोदयांनी त्या दिवशी काही घेतले, ही गोष्ट आम्हांस न्याहारीहूनही मोलाची वाटते. जन्मदिन हा मुळात घेण्याचाच दिवस आहे. त्या दिवशी आपण कोणताच पराक्रम केलेला नसतो. कष्ट आईचे, सुईणीचे, आणि जीवनदान परमेश्वराचे.

म्हणूनच पन्नाशीचा विचार करताना आम्हांस लेवीयचा पंचविसावा अध्याय आठवतो. योबेल वर्ष, म्हणजे पन्नासावे वर्ष, हे दानधर्माचे वर्ष नव्हते. त्या वर्षी अडचणीपायी विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची होती आणि कर्जापायी राबणारा इस्राएली बंधू मुक्त व्हायचा होता. ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही होते त्याने ते परत करावे, एवढीच तेथे अपेक्षा. अन्नदान करणे त्यामानाने फार सोपे.

वसईच्या पट्ट्यात वाडीचे भाव चढले तेव्हापासून घरोघरी एक कागद फिरत आला आहे : बहिणीचे हक्कसोडपत्र. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यान्वये ख्रिस्ती कन्येचा वाटा पुत्राच्या वाट्याएवढाच असतो. तरीही एका साडीवर आणि माहेरपणाच्या आश्वासनावर तिची सही घेतली जाते, आणि तीच बहीण भावाच्या साठीला आहेर घेऊन येते. ज्या बहिणीने स्वखुशीने, सारे समजून हक्क सोडला तिच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. जिला कागद वाचूनही दाखविला नाही, तिच्याविषयी आहे. तसाच तो वाडीवरचा गडी, ज्याची मुलाच्या आजारपणातली उचल अजून वहीत शिल्लक दिसते.

‘फादर, साठी आली, काय द्यावे?’ असे कोणी विचारले तर आम्ही आधी कपाटातला सातबारा आणि ती वही मेजावर ठेवायला सांगतो, पत्नी आणि मोठी मुले समोर असताना. बहिणीलाही त्या दिवशी बोलावून घ्यावे, जेवणाच्या वेळेआधी. अनाथालयाला दूरध्वनी नंतरही करता येतो, आणि पंगत जूनमध्येही घालता येते.