दारू कुणाची, गाल कुणाचा?

दारूची निवड या विषयावर मी लिहिणार आहे असे कळताच आमच्या बँकेतल्या दोघातिघांनी आपण होऊन मदत देऊ केली. त्यांची निराशा करताना वाईट वाटते, पण ही दारू बाटलीतली नव्हे, बंदुकीतली. मराठीने या दोन्हींना एकच शब्द का ठेवला हे मला पूर्वी कोडे होते. आता वाटते, त्यामागे पिढ्यानपिढ्यांचा अनुभव असावा. दोन्हींचा आधी आवाज होतो आणि हिशेब मागाहून लागतो.

तसा बंदुकीशी माझा संबंध बेताचाच. आमच्या शाखेच्या दाराशी एक निवृत्त हवालदार दुनळी घेऊन बसतात. तिच्याशी माझी नमस्कारापुरती ओळख. ती उडते की नाही, हे विचारण्याचा धीर आजवर ना ग्राहकांना झाला, ना आम्हाला, ना सुदैवाने दरोडेखोरांना. पण माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासला असतो. एकदा ताईचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. "अरे, त्याचा शेजारी म्हणे गॅरेजमध्ये बसून दारू भरतो!" मी म्हटले, "भरेना का. शेजाऱ्यांना पाजत नाही ना?" मग भाच्यानेच खुलासा केला, "मामा, तो काडतुसं भरतो. रायफलची. हरणाच्या शिकारीसाठी."

तिकडे हा छंद पुष्कळांना असतो. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी जातात, पुंगळी मागे राहते. ती पुन्हा आकारात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. दुकानात तयार काडतुसे मिळत असताना हा उद्योग कशासाठी, असे आपल्याला वाटेल. पण दुकानात गोडा मसाला मिळत असताना आमच्या घरी दर उन्हाळ्यात गच्चीवर जे चालते, तेही याच कारणासाठी. थोडी बचत, आणि बरेचसे "आपल्या हातचं ते आपल्या हातचं".

खरी गंमत दारूच्या निवडीत आहे. जुन्या काळ्या दारूच्या राज्यात निवडीला फारसा वाव नव्हता. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०, संपली पाककृती. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि माणसाच्या डोक्याला नवा धूर लागला. आज दुकानात डझनावारी डबे मांडलेले असतात. कुणाच्या बारीक काड्या, कुणाचे राजगिऱ्यासारखे गोल दाणे, कुणाच्या चकत्या. गोल दाणे मापातून सुरेख ओघळतात, काड्या मापात अडकतात. एखादी दारू भर उन्हात जास्त जोर करते, दुसरी थंडी-उन्हाळ्यात सारखीच वागते. शिवाय कुणी झटपट जळते, कुणी सावकाश. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत भरली, तर गोळी पुढे सरकायच्या आत दाब इतका चढतो की बंदूक फुटू शकते.

म्हणून हे लोक कमालीचे सोवळे पाळतात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. पुस्तकात दिलेल्या कमी मापापासून सुरुवात, आणि तिथून पायरीपायरीने वर. वजन ग्रेनमध्ये. आपला जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि ही मंडळी ग्रेनचा दहावा भाग मोजतात. आमच्या सराफाने इतके बारीक तोलले, तर सौ. त्याच्यावरही संशय घेणार नाही.

भाच्याने त्या शेजाऱ्याला सरळ विचारले, "यातली सगळ्यात चांगली दारू कोणती?" आपल्याकडे एखाद्याने एका दमात नाव सांगून टाकले असते, वर आपल्या मेव्हण्याच्या दुकानाचा पत्ताही दिला असता. त्याने उलट विचारले, "रायफल कोणती? गोळी किती वजनाची? किती लांब मारायचंय? ऋतू कोणता?" सगळ्यात चांगली अशी दारूच नाही म्हणे. भाचा म्हणाला, "मग निवडताना चूक होत नाही हे कशावरून?" तेव्हा म्हातारा काही बोलला नाही. त्याने आपल्या उजव्या गालावर दोनदा टिचकी मारली.

बार काढताना गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला असतो. आतला सगळा स्फोट तिथून वीतभरावर होतो. दारू ज्याने निवडली त्याचाच गाल तिथे आहे, एवढेच म्हाताऱ्याला सांगायचे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तत्त्वज्ञानाशी माझा व्यवहार उधारीचाच. पण निवडीच्या नीतीवर इतके थोडक्यात भाष्य मी ऐकलेले नाही.

कारण जगात बहुतेक वेळा उलटे असते. निवड एकाची, गाल दुसऱ्याचा. अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीचीच गोष्ट घ्या. मुळात ती काड्यांच्या दारूवर जमवलेली होती. १९६४ साली सैन्याने गोल दाण्यांच्या दारूला मंजुरी दिली. ठरवलेला वेग आणि दाब त्या काडीवाल्या दारूतून खात्रीने साधत नव्हता, हे कारण कागदावर बिनचूक होते. पण नव्या दारूने रायफलीची गोळ्या झाडण्याची गती वाढली, आणि दारूत आम्ल मारण्यासाठी घातलेल्या चुनखडीची पुटे गॅसच्या नळीत साचू लागली. त्यात नळीच्या मागच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नाही, आणि व्हिएतनामात पाठवलेल्या सैनिकांकडे साफसफाईचे सामान पुरेसे नाही. ऐन चकमकीत रायफली अडकल्या आणि माणसे मेली. त्यावर कळस म्हणजे, नव्या दारूने रायफल चाचणीत बसेना, तेव्हा कारखान्याला जुन्या दारूवर चाचणी घ्यायची मुभा मिळाली. परीक्षेला एक दारू, लढाईला दुसरी!

सैनिकांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती आपापल्या लोकप्रतिनिधींकडे नेली, आणि १९६७ साली रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातले दोष वेळेवर दूर न करणे हे जवळजवळ गुन्हेगारी हलगर्जीपणात मोडते, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे मुलामा आला, सुट्या भागांत बदल झाले, चुनखडी कमी झाली, आणि तीच गोल दाण्यांची दारू नीट चालू लागली. म्हणजे दारू वाईट नव्हती. निवडणाऱ्यांपैकी कुणाचाही गाल दस्त्यापाशी नव्हता, एवढेच.

आपल्याकडे तर हा धडा शंभर वर्षे आधीच गिरवून झाला होता. १८५७ सालच्या एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतायची असे. त्याला वंगण कोणते लावायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या दातांचा प्रश्नच नव्हता. दात शिपायाचे, धर्म शिपायाचा. गायीची आणि डुकराची चरबी असल्याची वार्ता पसरली, तेव्हा वंगण तुमचे तुम्ही लावा, मग दाताऐवजी बोटांनी फाडा, अशा सवलती सरकारने दिल्या. पण शिपायांचा विश्वास तोवर उडाला होता, आणि ती दारू पुन्हा पुंगळीत भरता येत नाही.

एवढे मोठे स्फोट आमच्या बँकेत होत नाहीत. पण मुख्य कचेरीने काउंटरसाठी खुर्च्या निवडल्या, तेव्हा समिती त्यांवर तीन-तीन मिनिटे बसली आणि समाधान पावली. आम्ही सात-सात तास बसतो. नवा अर्जही असाच तयार झाला. त्यातल्या आईचे माहेरचे नाव लिहिण्याच्या चौकोनात आमच्या पेन्शनरांची फक्त आई मावते, माहेर बाहेर राहते.

मग सगळ्यांनी आपापली काडतुसे आपणच भरावीत काय? ते शक्य नाही. औषध डॉक्टर निवडतो, पूल इंजिनिअर बांधतो, आपण मुकाट्याने गिळतो आणि मुकाट्याने ओलांडतो. तो टेक्सासचा म्हातारासुद्धा मापे काढतो दुसऱ्यांनी छापलेल्या पुस्तकातूनच. तेव्हा निवडणाऱ्याचाच गाल पाहिजे हा हट्ट चालायचा नाही. पण ज्याचा गाल आहे त्याची हाक निवडणाऱ्यापर्यंत पोचायला किती टेबले ओलांडावी लागतात, हे मोजता येते. माझ्या मते माणसाची आणि कचेरीची नीतिमत्ता त्या टेबलांच्या संख्येत असते. तिची मोजणी ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत करायला हरकत नाही. व्हिएतनामातल्या हाकेला समुद्र ओलांडून, आईबापांच्या हातून फिरून जावे लागले, आणि मधल्या काळात किती गाल थंड झाले ते त्या आईबापांनाच ठाऊक.

आमच्या घरी हे अंतर शून्य टेबले आहे. माझे शर्ट सौ. निवडते. एकदा या सगळ्या विचारांच्या भरात मी तिला म्हटले, "अगं, अंग माझं आहे. निवड माझी नको का?" ती शांतपणे म्हणाली, "अंग तुमचं असेल. पण दिवसभर बघायचं कुणाला असतं?"

गाल नेमका कुणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.